माझ्या नावावर कोंडलेला बाप

“परकर झटक.”

रोज दिवेलागणीला, मागच्या दाराशी, बाईसाहेब एवढंच म्हणायच्या. मी उंबऱ्याच्या आत उभी राहायची. परकराचा घेर दोन्ही हातांनी धरून तीनदा झटकायची. कमरेची गाठ सोडून दाखवायची. मग आ करायची. दाढेत गूळ नाही, जिभेखाली साखर नाही, हे बघून झालं की उंबरा ओलांडायचा. पलीकडच्या पडवीत, सरपणाच्या ढिगाशेजारी, माझं गोणपाट होतं.

पाहुणे असले तरी हे चुकत नसे. पाहुणे असले की जरा जास्तच निगुतीने व्हायचं.

त्या दिवशी मुंबईहून रावसाहेबांचे व्याही आले होते. चहा झाला होता, सगळी मंडळी मागच्या ओसरीवर वाऱ्याला बसली होती. मी परकर झटकला आणि कागदाचा एक चिटोरा खाली पडला.

“काय गं ते?” बाईसाहेबांनी पाय मागे घेतला. पाल पडल्यासारखा.

विहीणबाईंनी विचारलं, “अहो, एवढ्याशा पोरीची झडती कशाला?”

“बाप चोरीत आत आहे हिचा. आतापासून वळण लावलेलं बरं.”

रावसाहेबांनी चिटोरा उचलला, चष्मा लावला. कागद छापील होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बंगल्यावर येऊन मला चार महिने झाले होते, पण नीट असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“तुला वाचता येतं?”

“येतं.”

“वाच.”

मी वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. अकरा वर्षांची होते मी. ओळ ‘माणुसकीचे हक्क’ इथवर आली आणि संपली.

“पुढे?” व्याह्यांनी विचारलं.

“पुढं फाटलंय.”

“घ्या रावसाहेब! हक्क आले आणि लगेच फाटले!”

ओसरी हसली. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रावसाहेबांची धाकटी मुलगी माझ्याच वयाची. तिला काही कळलं नव्हतं, तरी ती हसली. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी चिटोऱ्याची नीट घडी केली आणि बंबात टाकली. “पाणी तरी तापेल,” म्हणाले.

मला कोणी मारलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. त्या बंगल्यात मला कोणी कधीच मारलं नाही. रावसाहेबांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. ज्या माणसाला ओरडावं लागत नाही, त्याच्या हातात काय काय असतं, ते मला पुढे कळलं.

माझा बाप माळी. मी त्यांना आबा म्हणायची. शहराबाहेर, गोदावरीच्या काठाला, रावसाहेबांची जमीन होती. तिच्यात आबांनी गुलाब लावला होता, अर्धेलीनं. जमीन त्यांची, विहीर त्यांची. रोपं, खत, मोट, राबणं आमचं. फुलांचे पैसे निम्मे निम्मे. कागद कसलाच नव्हता, तोंडी बोली होती.

आणि एक रीत होती. सकाळची पहिली पाटी बंगल्यावर जायची, देवपूजेला. तिचा वाटा आम्हाला नाही. सगळ्यांत टपोरी, दंवातली फुलं त्या पाटीत. देवाला एवढी फुलं लागत नाहीत हे आम्हालाही दिसत होतं. उरलेली बाईसाहेब ओळखीच्या घरी वाटायच्या, लग्नकार्याला पाठवायच्या. पण तिला देवाची पाटी म्हणायचं. म्हणायचं म्हणजे म्हणायचं.

आई मी सात वर्षांची असताना गेली. घरात आबा आणि मी. शाळेत मी एक वर्ष गेले, पुढे बागेतच. तरी अक्षर सुटलं नाही, त्याला कारण रद्दी. गुलाबाच्या जुड्या बांधायला आबा छापखान्यातले बिघडलेले ताव आणायचे. त्यात सभांची हस्तपत्रकं असायची, चोपड्यांची पानं असायची. कुठे शाई फिसकटलेली, कुठे ओळ अर्धीच. जुड्या बांधता बांधता मी ते वाचायची. मुळाक्षरं मास्तरांनी शिकवली, वाचायला मला त्या पत्रकांनी शिकवलं. बंबात गेला तो चिटोरा मी आमच्या झोपडीतून निघताना परकरात खोचला होता. घरातलं एवढंच बरोबर घेतलं होतं. एरवी तो माझ्या गोणपाटाखाली असायचा, त्या दिवशी तेवढा परकरातच राहिला. माझी भाषाही त्या पत्रकांसारखीच आहे, जरा चढ्या आवाजाची. त्याची मला लाज नाही.

मग मला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी रोख पैसे मागितले. आबांनी त्या सकाळची पहिली पाटी बंगल्यावर नेली नाही, बाजारात नेली. दसरा तोंडावर होता. पाटी खाली ठेवायच्या आत विकली गेली.

एक पाटी.

रावसाहेबांनी चोरीची फिर्याद केली. आबा कोर्टात म्हणाले, “मीच लावली, मीच तोडली.” तिकडून प्रश्न आला, “पण पाटी बंगल्याची होती की नव्हती?” आबा खोटं बोलत नसत. “व्हती,” म्हणाले. सहा महिने सक्तमजुरी.

कोर्टाच्या पायरीवर रावसाहेब आमच्याजवळ आले. आबांच्या हाताला दोरी होती. मी शिपायाच्या बाजूला उभी होते, तापातून उठलेली, केस गळालेली.

“कायदा त्याच्या जागी,” रावसाहेब म्हणाले. “पोर उघड्यावर पडू नये. आमच्याकडे राहील. शाळेत घालू.”

इथे आबांनी चूक केली. गरीब आणि ताठ, अशा दोन्ही गोष्टी एकाच अंगात असलेला माणूसच अशी चूक करतो.

“फुकट नको,” आबा म्हणाले. “माझी पोर कुनाच्या धर्मावर नाय जगायची. तिच्या खान्याचं मी दीन.”

रावसाहेब म्हणाले, “तुझी इच्छा. महिना पाच रुपये कबूल कर. रीतसर करू, म्हणजे तुलाही कमीपणा नको.”

कमीपणा नको! दोन दिवसांनी आबांना पुन्हा कोर्टात आणलं. पोटगीचा हुकूम झाला. मुलगी रावसाहेबांच्या ताब्यात, बापाने तिच्या पोषणासाठी दरमहा पाच रुपये त्यांना द्यावे. आबांनी कागदावर अंगठा उठवला. मान वर करून उठवला, असं रावसाहेबांचे दिवाणजी पुढे हसत हसत सांगायचे.

तुरुंगात माणूस दगड फोडतो, चक्की दळतो. ती मेहनत सरकारच्या घशात जाते. पाच रुपये आणायचे कुठून, हे आबांना कळत नव्हतं का? कळत होतं. त्यांना वाटलं, सुटल्यावर फेडू. बाग आहे, अंगात बळ आहे. आत असताना चढलेलं देणं सुटकेच्या दिवशी फाटकाबाहेर आपली वाट बघत उभं असेल, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ज्याला ठाऊक होतं तो गप्प राहिला.

मी बंगल्यावर आले त्याच्या चौथ्या दिवशी भागाबाईला काढलं. भागाबाई त्यांची मोलकरीण. धुणं, भांडी, पाणी, झाडलोट, सगळं तिच्याकडे. तिच्या हातातला खराटा बाईसाहेबांनी घेतला आणि माझ्या हातात दिला. शाळेचं नाव कोणी काढेना. मी एकदा काढलं. बाईसाहेब म्हणाल्या, “आधी नीट केर काढायला शीक. मास्तरीण व्हायचंय का तुला?”

जेवण मागच्या पायरीवर, पत्रावळीवर. वाढताना बाईसाहेब म्हणायच्या, “जेव हो पोटभर. तुझ्या बापाच्या नावावरच आहे.” मला ते बरं वाटायचं. खरंच सांगते, बरं वाटायचं. बाप लांबून मला वाढतोय असं वाटायचं.

दोन महिन्यांनी मुलाखत मिळाली. नाशिक रोडपर्यंत टांगा. बरोबर दिवाणजी. टांग्यात त्यांनी मला तीन वाक्यं पाठ करायला लावली. मी शाळेत जाते. मला रोज दूध मिळतं. सगळे माया करतात.

“बाप आत खचला तर उठायचा नाही हो,” दिवाणजी म्हणाले. “तुझ्या हातात आहे.”

त्या दिवसांत तुरुंग सत्याग्रहींनी भरलेला होता. फाटकाबाहेर खादीतली माणसं, फळांच्या करंड्या. आम्ही बिनखादीचे, आमची रांग वेगळी. आबा जाळीपलीकडे आले. डोकं भादरलेलं, गळ्यात लोखंडी बिल्ला. मला त्यांना ओळखायला वेळ लागला.

“शाळंत जाती ना?”

“हो. दुसरीत.”

“दूध?”

“रोज.”

आबा हसले. दात तेवढे ओळखीचे होते. “बग! फुकट खात नाय माझी लेक. अंगठा दिलाय मी.” आणि त्यांनी तो अंगठा जाळीला टेकवून मला दाखवला. बक्षीस मिळाल्यासारखा.

मी तिसरं वाक्यही म्हणून टाकलं.

परत येताना दिवाणजींनी मला चुरमुरे घेऊन दिले. मी खाल्ले. हेही लिहून ठेवते.

भागाबाई पुन्हा भेटली ती नदीवर. परकराच्या झडतीत चिटोरा सापडला त्याला महिना झाला असेल. मी बंगल्याचं धुणं घेऊन गेले होते. ती आता विड्या वळायची, शिवाय दोन घरची धुणी धुवायची. मला पाहून तिने दगडावर लुगडं असं आपटलं की पाणी माझ्या तोंडावर उडालं.

“आली का गं, माझी भाकर खाऊन?”

“मी काय केलं?”

“तू कशाला काय करशील! तू तर बंगल्याची लाडाची लेक. दूध पिती म्हनं रोज.”

“कोण म्हणालं?”

“दिवाणजी सांगत फिरतोय गावभर. रावसाहेबांनी कैद्याची पोर पोसली. लय पुण्यवान मानूस म्हनं.” मग तिला माझ्यापुढचा ढीग दिसला. चादरी, धोतरं, पाहुण्यांचे पंचे. तिचं आपटणं थांबलं. “ह्ये समदं तूच?”

“हो.”

“भांडी?”

“हो.”

“पानी?”

“पाणी पण. बंब पण.”

भागाबाई ओल्या दगडावर तशीच बसली. तिचा राग माझ्यावरून निघून कुठेतरी गेला, ते मला दिसलं.

“आन् तुझ्या बापाच्या नावावर महिन्याला पाच रुपयं मांडतेत,” ती म्हणाली. “तुला खाऊ घालतेत म्हनून. मला तीन द्यायचे, ते बी वाचले. गाय दुभती ह्यांच्याकडं, आन् वैरनीचा पैसा गाईच्या धन्याकडनं! आगं, भरले न्हाईत तर पुन्ना आत घालत्यात. माझ्या भावाच्या बाबतीत झालंय. सुटला, आन् फाटकातच धरला.”

मी धुणं पिळलं. टोपली डोक्यावर घेतली. बंगल्यापर्यंत पाणी मानेवरून गळत होतं.

त्या दिवसापासून ‘तुझ्या बापाच्या नावावर’ ऐकलं की घास तोंडात फिरायचा. मी कमी जेवू लागले. अर्धी भाकरी मागायची, भात नको म्हणायची. मला वाटलं, कमी खाल्लं तर आबांचं देणं कमी होईल. पाच रुपये ठरलेले होते. मी जेवले काय आणि उपाशी राहिले काय. बाईसाहेब मात्र खूश होत्या. “हिला वळण लागलं बरं का,” म्हणायच्या.

सुटकेला आठवडा उरला होता. दिवाणजी ओसरीवर कागद लिहीत बसले होते, मी सारवत होते. ते पाणी प्यायला आत गेले आणि मी कागद वाचला. अर्ज होता. आबांचं नाव. थकलेली पोटगी. न भरल्यास कैद व्हावी. मग माझं नाव, आणि नावापुढे लिहिलेलं, ‘स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ असे अपत्य.’

दिवाणजी आले. मी तिथेच उकिडवी बसलेली. हाताला शेण. मी विचारलं, “असमर्थ म्हणजे काय?”

“वाचलंस होय? अगं, असमर्थ म्हणजे जिला स्वतःचं पोट भरता येत नाही ती. तू.”

“आणि भरता येत असेल तर?”

“तर मग पोटगी कशाची?” दिवाणजी हसले. “चल, सरक. तो कोपरा राहिलाय बघ.”

मी सरकले. कोपरा सारवला. हात सारवत होते आणि ते उत्तर डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत होतं. तर मग पोटगी कशाची?

सुटकेच्या सकाळी बाईसाहेबांनी मला नवं परकर-पोलकं दिलं. खणाचं, हिरवं. केस विंचरून दिले, स्वतःच्या हाताने. सहा महिन्यांत त्यांचा हात पहिल्यांदा माझ्या डोक्याला लागला. मला धडकी भरली. जत्रेत बकऱ्याला हळद-कुंकू लावतात तेव्हा ते कसं गप्प उभं राहतं, तशी मी उभी राहिले.

टांग्यात रावसाहेब, दिवाणजी आणि मी. चैत्राचं ऊन.

फाटकाबाहेर गर्दी होती. त्याच दिवशी काही सत्याग्रही सुटत होते. घोषणा होत होत्या, हार पडत होते. आबा त्यांच्या मागून बाहेर आले. काखेत बोचकं, गळा मोकळा. मला पाहून थबकले. “बरी दिसतीस गं,” म्हणाले. मी पुढे पाऊल टाकलं, पण त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक हवालदार येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात वॉरंट होतं.

दिवाणजींनी दुसरा कागद काढला. “हे बघ, कटकट नको. इथं अंगठा दे. बागेवर तुझा हक्क नाही, रोपांवर नाही. मुलगी आमच्याकडेच राहील, लग्न आम्ही लावून देऊ. थकलेलं सगळं माफ. इथूनच मोकळा हो.”

“पोर ऱ्हाईल? कवर?”

रावसाहेब बोलले, हळू, मायेने. “बघ तिच्याकडे. काही कमी आहे का तिला?”

तेव्हा मला कळलं, नवं पोलकं कशाला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना मी बरी दिसत होते. शाळेत जाणारी, दूध पिणारी. मला वाटलं, आता देतात अंगठा. माझ्याच भल्यासाठी देतात. आबांनी अंगठा आत घेऊन मूठ वळली.

“पोर नाय देनार,” म्हणाले.

हवालदाराने दोरी काढली.

दुपारी कोर्ट. मॅजिस्ट्रेट साहेब आपल्याकडचेच होते, थकलेले, सारखं घड्याळ बघणारे. रावसाहेबांच्या वकिलांनी अर्ज वाचला. साहेबांनी आबांना विचारलं, “पैसे का भरले नाहीस?”

“तुरुंगात व्हतो साहेब.”

“ते कारण होत नाही. तुरुंगात तू आपल्या कर्माने गेलास.”

थकलेल्या प्रत्येक महिन्याला एक महिना कैद, असं कलम होतं. म्हणजे आणखी सहा. त्या सहा महिन्यांत पोटगी पुन्हा चढणार. चढली की पुन्हा सहा. मी बोटांवर मोजत गेले आणि बोटं संपली. माझ्या जेवणापायी माझा बाप आत राहणार होता, आणि तो आत होता म्हणून मी त्या पायरीवर जेवत राहणार होते. याला शेवट नव्हता. तसाच तो रचलेला होता.

“मुलगी हजर आहे,” वकील म्हणाले. “साहेबांनी पाहावं. उत्तम संगोपन आहे.”

“बाळ, तुला जेवायला मिळतं?”

“मिळतं.”

दिवाणजींनी मान डोलावली. पुढचं वाक्य शाळेचं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते ऐकायला उभे होते. ती शाळा आणि ते दूध, एवढ्यावर त्यांनी सहा महिने चक्की ओढली होती. तेच मी त्यांच्याकडून काढून घेणार होते. खरं बोलले तर बाप सुटेल, पण भर कोर्टात त्याला कळेल की त्याची लेक परक्याच्या उष्ट्या भांड्यांत हात घालून जगली. खोटं बोलले तर त्याचा ताठा शाबूत राहील आणि त्या ताठ्यासकट तो आत जाईल.

“मी शाळेत जात नाही,” मी म्हणाले.

“लहान आहे, घाबरलीय,” वकील म्हणाले.

“मी घाबरले नाही. आणि मी असमर्थ नाही, साहेब. मी पहाटे बंब पेटवते. विहिरीचं पाणी भरते. भांडी घासते. धुणं नदीवर नेते. घर सारवते. मी गेले त्याच्या चौथ्या दिवशी भागाबाईला काढलं. तिला तीन रुपये आणि जेवण होतं. तिचं सगळं काम मी करते. मग माझं जेवण मी कमावलं. त्याचे पैसे आबांनी कशाला द्यायचे?”

मागच्या बाकावरचा एक वकील मोठ्याने हसला. “सनद द्या हो हिला!” त्याच्या पाठोपाठ बाकीचे हसले. असलं हसणं मला माहीत होतं. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं.

“मोलकरीण काढलीत?”

“घरच्या मुलीसारखी आहे, साहेब. घरच्या मुलीसारखी चार कामं करते.”

“तुम्हाला हिच्या वयाची मुलगी आहे ना? ती करते?”

रावसाहेबांचा आवाज तेव्हाही चढला नाही. फक्त या वेळी तो आलाच नाही.

मला वाटलं, जिंकलो. अकराव्या वर्षी वाटणारच.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. आजपासून पोटगी रद्द. मुलीवर रावसाहेबांचा ताबा नाही. परंतु मागची थकबाकी बापाने स्वतः कबूल केलेली आहे, कागदावर अंगठा आहे. त्याबद्दल सहाऐवजी एक महिना कैद.

एक महिना. खरं ठरल्यावरही एक महिना. मी कुणाची मिंधी नव्हते हे कोर्टाने मान्य केलं, आणि त्याच लेखणीने माझ्या मिंधेपणाबद्दल माझ्या बापाला आत पाठवलं.

व्हरांड्यात हवालदार क्षणभर थांबला. मला वाटलं, आबा डोक्यावर हात ठेवतील.

“दूध बी खोटंच?” त्यांनी विचारलं.

“हो.”

आबांनी मान फिरवली. पायऱ्या उतरताना एकदाही वळून पाहिलं नाही.

रावसाहेब टांग्याशी उभे होते. “झालं ते झालं. चल पोरी, बस टांग्यात. जाशील कुठे?” तोच आवाज. तीच माया. त्या आवाजाचं मला आजही भय वाटतं. जाशील कुठे, असं ती माणसं विचारत नसतात. बाहेरून कडी घालत असतात.

“परकर-पोलकं उद्या धुऊन पाठवते,” मी म्हणाले. “मी येत नाही.”

विचारत विचारत भागाबाईच्या खोलीवर गेले. ती दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. “आली का पुन्ना माझी भाकर खायला!” म्हणाली आणि सरकून जागा दिली. मग एक कात्री पुढे टाकली. “पान कापाय शीक. इथं बसून खायचं नाय.”

महिन्याने आबा सुटले. बाग तोवर दुसऱ्याला दिली होती. रोपांचा मोबदला नाही. आबा देवळाली कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर रोजाने बागकाम करू लागले. माझ्याशी बोलायला त्यांना आठ महिने लागले. पुढे एकदा मी म्हणाले, “आबा, सही शिकवते तुम्हाला. अंगठा नको.” ते खुरपं घासत होते. म्हणाले, “त्यानं काय व्हतंय? सही आसती तर सहीनं बांधला आसता.”

पत्रकांनी मला शिकवलं होतं की अक्षर आलं की माणूस सुटतो. आबांचं वाक्य कुठल्याही पत्रकात नव्हतं. ते मला पटायला काही वर्षं गेली. कागद वाचता यावा हे खरंच. पण वाचता आला तरी बांधणारा कागद बांधणाराच राहतो. तो लिहिणारा हात धरावा लागतो.

आता मीच पत्रकं लिहिते. विड्यांच्या कारखान्यात वळणाऱ्या बाया वर्गणी काढून ती छापून आणतात. माझं म्हणणं थोडं आहे. माणूस कोंडला त्या दिवशी त्याचं देणं थांबलं पाहिजे. तुम्ही त्याचे हात काढून घेता आणि त्याच हातांची कमाई मागता, हे चालणार नाही. मग पोरांनी खायचं काय, असं मला सभेत विचारतात. पोरांनी पोटभर खायचं. ज्याने बाप कोंडला त्याने पोर पोसावी. सरकारने पोसावी, हक्काने पोसावी, आणि वाढताना तोंडाने काही बोलू नये.

मुलाखतीच्या दिवशी मी तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभी असते. कैद्यांच्या बायका, म्हाताऱ्या, पोरं येतात. त्यांच्या आसपास पांढऱ्या कपड्यांतली दयाळू माणसंही येतात. त्यांना मी लांबून ओळखते. गेल्या महिन्यात मालेगावच्या एका विणकराची बायको दोन मुलं घेऊन आली होती. एक व्यापारी तिच्यासाठी कागद तयार करून उभा. थोरला त्याच्याकडे कामाला राहील, खर्च बापाच्या नावावर. तिने बोट शाईला लावलंही होतं. मी म्हणाले, “भाभी, थांबा. आधी मी वाचते.” मी मोठ्याने वाचलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. तिने बोट ओढणीला पुसलं.

“तू कोण गं मध्ये पडणारी?” व्यापारी म्हणाला. आवाज चढवला नाही.

परवा हवालदार खोलीवर आला. माझं नाव लिहून घेतलं, भागाबाईचंही लिहून घेतलं. म्हणाला, “तक्रार आलीय. फाटकापाशी पुन्हा दिसलीस तर आत जाशील.” भागाबाईने त्याला पाणी दिलं. तो प्याला आणि गेला. गेल्यावर ती म्हणाली, “खरंच टाकत्यान गं.” मी म्हणाले, “टाकतील.”

हे लिहिलं ते सरकारला अर्ज म्हणून नाही. अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहावं लागतं, ते माझ्याकडून लिहवत नाही. रविवारी मुलाखती आहेत. मी जाणार आहे. मला आत टाकलं तर माझ्या सुटकेसाठी, माझ्या खाण्यापिण्यासाठी, माझ्या भल्यासाठी कोणी कुठे काही कबूल करायचं नाही. काल देवळालीला जाऊन आबांना तसं सांगून आले. त्यांनी होकाराची मान हलवली.